हरवलेल्या तीस फ्रेम

कॅसेटकाकूंच्या दुकानात भाड्याने द्यायला आता एकही कॅसेट नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर त्यांनी व्हिडिओ लायब्ररी काढली. पुढे कॅसेट गेल्या, डिस्क आल्या, डिस्कही गेल्या आणि एके दिवशी नवराही गेला. काकूंनी शटर काही ओढलं नाही. लोकांच्या माळ्यावर जुनी लग्नं, गॅदरिंगं, पोराबाळांची पहिली पावलं डिस्कमध्ये धूळ खात पडली होती. ती तिथून काढून फाइलमध्ये घालून द्यायचं काम काकू साठीच्या उंबरठ्यावर स्वतःचं स्वतः शिकल्या. झेरॉक्सवाल्याच्या शेजारून अकरा पायऱ्या चढून गेलं की त्यांची खोली. आत दोन मॉनिटर, दोन स्पीकर, एक खुर्ची काकूंची आणि एक गिऱ्हाइकाची. गिऱ्हाइकाची खुर्ची डगमगायची आणि काकूंनी ती मुद्दाम तशीच ठेवली होती, म्हणजे माणूस फार वेळ ठाण मांडत नाही.

काकूंना एक खोड होती आणि त्या खोडीचा त्यांना भारी अभिमान होता. पडद्यावरच्या माणसाचे ओठ आणि त्याचा आवाज यांच्यात जराशी फट पडली की त्यांच्या डोळ्यांत ती खुपायचीच. लेकीकडे गेल्या आणि टीव्ही लागला की पाच मिनिटांत, "हा बाबा दोन फ्रेम मागे बोलतोय," म्हणत त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. जावईबापू हसायचे. "आई, हे तुमच्याशिवाय जगात कुणाला दिसतं का?" असं विचारायचे, आणि काकू खुशीत यायच्या. जावयाला तो टोमणा वाटायचा, सासूला ते प्रशस्तिपत्र वाटायचं.

कामाची त्यांची पद्धतही ठरलेली. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एखादा ठोक शोधायचा. दार आपटलं, पेला ठेवला, टाळी वाजली, काहीही चालतं. तो चित्रात कुठे दिसतो आणि आवाजात कुठे ऐकू येतो ते बघायचं. मग शेवटाकडे जाऊन तसाच दुसरा ठोक धरायचा. दोन्हीकडे सारखंच अंतर असेल तर सगळा आवाज तेवढा सरकवायचा. सुरुवातीला जुळतंय आणि शेवटी सुटतंय असं असेल तर आवाज थोडा ताणायचा नाहीतर आवळायचा. दोन टोकं पकडली की मधलं मुकाट्याने वठणीवर येतं, असं काकूंचं ठाम मत होतं. हजारभर डिस्क त्यांनी अशा सरळ केल्या होत्या. हजार वेळा खरं ठरलेली गोष्ट एक हजार एकाव्या वेळी दगा देईल, असं कुणाच्या मनात तरी कशाला येईल?

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला एक जोडपं पायऱ्या चढून आलं. पुरुष चाळिशीला टेकलेला, उंच, कानावर सुतारकामाची चपटी पेन्सिल. बायको बुटकी, चटपटीत, हातात प्लास्टिकच्या डबीतली डिस्क. काकूंनी "या, बसा" म्हटलं तर तो नुसता हसला. बसताना मात्र खुर्ची डगमगली तसं त्याने वाकून तिच्या पायांकडे असं पाहिलं, की डॉक्टरनेही पेशंटकडे इतकं निरखून पाहू नये.

"यांना ऐकू येत नाही काकू," बायको म्हणाली. "चार वर्षांचे होते तेव्हा तापात गेले कान. पण तुम्ही समोर बघून बोललात की ओठांवरून सगळं कळतं. आणि हे मुके नाहीत हं. लोक तसंच समजतात."

मग तिने सांगितली ती हकीकत अशी. सुतार लहानपणी ज्या शाळेत होता, तिथले मास्तर न ऐकणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायचे. मुलाचा तळहात स्वतःच्या गळ्यावर ठेवायचे, मग तोच हात मुलाच्या गळ्यावर, आणि दोन्हीकडे सारखी थरथर लागेपर्यंत एकच अक्षर घोटून घ्यायचे. एकेक अक्षर महिनामहिना चालायचं. सुतार सोळा वर्षांचा असताना शाळेने एक नाटक बसवलं. त्यात तो दीपगृहाचा रखवालदार झाला होता आणि चार मिनिटांचं भाषण त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तो कारखान्यात लागला. एकदा वरून फळी निसटताना दिसली म्हणून तो ओरडला, "बाजूला व्हा!" तर लोक बाजूला व्हायचे सोडून त्याच्या आवाजाला हसत उभे राहिले. नशीब, फळी कुणाला लागली नाही. त्या दिवसापासून त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, तरी बायकोशीसुद्धा सगळं हातांनीच.

"मी माहेरी सांगत आले, यांना बोलता येतं म्हणून. कुणाचा विश्वासच नाही. आता शाळेचं जुनं ऑफिस रिकामं केलं, त्यात ही डिस्क निघाली. प्लेअरमध्ये घातली तर निम्म्यात अडकते, पुढे सरकतच नाही. मग स्टेशनजवळच्या एका दुकानातून फाइल करून घेतली आणि हौसेने सगळ्यांना दाखवली. तर आवाज एकीकडे, तोंड एकीकडे! माझा दादा सगळ्यांदेखत म्हणाला, हे तर उघड आहे, मागून मास्तर बोलतायत आणि हे नुसते ओठ हलवतायत."

"यांना कळलं ते?"

"ओठांवरून सगळं कळतं म्हटलं ना."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली, काकूंच्या बिलबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं आणि पुठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. अक्षर फळीवर खूण केल्यासारखं ठळक होतं. "आवाज माझा आहे. नीट करून द्या."

रविवारी सासऱ्यांची पंचाहत्तरी होती आणि सगळं गणगोत जमणार होतं. तिथे हे नाटक पुन्हा लावायचं, असं सुताराने मनाशी पक्कं केलं होतं. आवाज जुळला तर पंधरा वर्षांचा प्रश्न मिटणार होता. नाही जुळला तर मेहुण्याचं म्हणणं कायमचं खरं होऊन बसणार होतं.

निघताना बायकोने एक विचित्र गोष्ट केली. नवऱ्याकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे वळवून ती हळूच म्हणाली, "खरं सांगू काकू? मीही यांचा आवाज समोरासमोर कधी ऐकलेला नाही. कधीकधी मलाच वाटतं, दादा म्हणतो ते खरं असलं तर?" आणि लगेच हसऱ्या चेहऱ्याने वळली. ज्या घरात गुपित सांगायला भिंतीकडे तोंड करावं लागतं, त्या घरासाठी हे काम आपण डोळ्यांत तेल घालून करायचं, असं त्यांनी ठरवलं.

आणि केलं काय, तर नेहमीचंच. त्यांनी डिस्क मध्यापासून काठाकडे सरळ पुसून पुन्हा उतरवून घेतली. सुरुवातीला घंटा वाजते, तिथे सगळं जुळत होतं. शेवटी पडदा पडताना दांडा आपटतो, तिथे आवाज सव्वा सेकंदाहून जरासा कमी मागे होता. "यांची एन्ट्री झाल्यापासूनच बिघडतं हो, त्याच्या आधी नाही," असं बायको जिना उतरताना सांगत होती, पण "तसं वाटतं सगळ्यांना" म्हणून काकूंनी ते उडवून लावलं होतं. त्यांनी सत्तर मिनिटांचा आवाज किंचित आवळला, दोन्ही टोकं पाहिली, दोन्ही चपखल. सगळं एका तासात आटोपलं.

गुरुवारी दुपारी जोडपं आलं. काकूंनी ऐटीत घंटा दाखवली, पडद्याचा दांडा दाखवला. सुताराने मान डोलावली आणि बोटाने खूण केली, मधलं दाखवा. काकूंनी एकतिसाव्या मिनिटावर नेलं. सुताराने पुढे होऊन डावा तळहात स्पीकरच्या जाळीवर टेकवला आणि डोळे पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडावर रोखले. दहा सेकंद गेले असतील नसतील, त्याने नकारार्थी मान हलवली. दोन्ही हात पुढे धरून एक हात दुसऱ्याच्या मागे सरकवून दाखवला.

काकूंचा पारा चढला. "अगं, हजार डिस्क हाताखालून गेल्यात माझ्या. ज्याला ऐकूच येत नाही, तो मला सिंक शिकवणार?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सुतार आपल्या तोंडाकडेच बघतोय. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुताराने कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बोट केलं, मग कानाकडे, आणि हातांनी बायकोला भराभर काहीतरी सांगितलं. बायकोला हसू आवरेना.

"हे म्हणतायत, कान मी पेन्सिल ठेवायला वापरतो. ऐकायला हात आहे."

काकूंनी खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर घेतली आणि स्वच्छ ओठ हलवत म्हटलं, "चुकलं माझं. रागावू नका." मग चष्मा पुसून त्यांनी तो भाग स्वतः पाहिला, नुसता ऐकला नाही, नीट पाहिला. आवाज अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे होता. इतकी फट लेकीच्या टीव्हीवर दिसली असती तर त्यांनी टीव्ही उचलून बाहेर ठेवला असता. पण आपणच केलेलं काम कोण तपासून बघतो? त्यांनी फक्त टोकं पाहिली होती.

आता काकूंनी पदर खोचला. आवळलेला आवाज सोडून दिला आणि पहिल्यापासून सुरू केलं. पंधराव्या मिनिटाला एकजण काठी आपटतो, तिथे बरोबर. पंचेचाळिसाव्याला पेटी बंद होते, तिथे चूक. तिसाव्याला बरोबर. पस्तिसाव्याला चूक. बत्तिसाव्याला चूक. म्हणजे आवाज हळूहळू घसरत नव्हताच. कुठेतरी एका जागी खाडकन तुटला होता, आणि ती जागा एकतिसाव्या मिनिटाच्या आसपास होती. बायको बिचारी पहिल्या दिवशी हेच तर सांगत होती. इकडे सुताराला रिकामं बसवेना. त्याने काकूंची परवानगी न घेताच खुर्ची उलटी केली, खिशातून पातळ पाचर काढली आणि पायात ठोकून बसवली. गिऱ्हाइकाला हुसकावायचं काकूंचं हत्यार त्या दुपारी कायमचं गेलं.

मग काकू एकेक फ्रेम पुढे जाऊ लागल्या. सेकंदाला पंचवीस. दार उघडतं. दारात सोळा वर्षांचा पोरगा, हातात कंदील. तो उभा. उभाच. कंदील डावीकडे झुकलेला, डावीकडे, डावीकडे, आणि पुढच्याच फ्रेमला एकदम सरळ.

"सापडलं!" काकू इतक्या मोठ्याने ओरडल्या की खालचा झेरॉक्सवाला दोन पायऱ्या वर येऊन बघून गेला.

डिस्कला तिथे ओरखडा होता. आवाज कसाबसा सलग आला होता, पण चित्रातल्या काही फ्रेम मशीनला वाचता आल्या नव्हत्या आणि सॉफ्टवेअरने त्या गुपचूप गाळून पुढचं चित्र मागच्याला चिकटवलं होतं. चित्र पुढे पळालं, आवाज मागे राहिला. काकूंनी रखवालदार कंदील टेबलावर ठेवतो ती फ्रेम धरली, आवाजातला ठोक धरला आणि मधल्या फ्रेम मोजल्या. तीस. पुन्हा मोजल्या. तीसच.

"आता दोन उपाय," त्या सुताराकडे तोंड करून म्हणाल्या. "एक तर आवाजातला तेवढा तुकडा कापून टाकायचा. नाहीतर चित्र तेवढा वेळ धरून ठेवायचं. कापणं सोपं. तिथे तुमचं बोलणं नाहीच, नुसत्या टाळ्या आहेत."

सुताराच्या भुवया वर गेल्या. टाळ्या? त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने हातांनी सांगितलं, हो, टाळ्या. तुम्ही दारात आलात तेव्हा लोकांनी वाजवल्या.

त्याने स्पीकरवर हात ठेवला. काकूंनी तो भाग पुन्हा लावला. त्या जाळीखाली टाळ्यांची थरथर बराच वेळ होती, चांगला दहा सेकंद. सुताराने हात काढलाच नाही. मग एकाएकी तो हातांनी इतक्या वेगाने बोलू लागला की बायकोला सांगता सांगता धाप लागली.

"हे म्हणतायत, स्टेजवर दिव्यांचा उजेड डोळ्यांवर होता, समोर सगळा काळोख. हे दारात आले आणि विंगेतून मास्तरांनी हात वर केला, थांब. यांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं, लवकर आलो. म्हणून हे तसेच थिजून उभे राहिले. नंतर मास्तरांना विचारायची हिंमत झाली नाही. बावीस वर्षं हे समजतायत की आपण एन्ट्री चुकलो."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग नाक ओढून म्हणाल्या, "कसली चूक! लोकांचं वाजवणं संपेना म्हणून थांबवलं हो तुम्हाला. आता एक टाळी कापायची नाही त्यातली."

त्यांनी झुकलेल्या कंदिलाची ती फ्रेम उचलली आणि तीस वेळा लावली. पोरगा दारात तसाही स्तब्ध उभा होता. आणखी सव्वाएक सेकंद उभा राहिला तर कुणाला पत्ता लागणार होता? मग चित्र पुढे सोडलं. कंदील टेबलावर टेकला आणि ठोक त्याच क्षणी वाजला. पोराने तोंड उघडलं. आवाज जाडाभरडा होता, थोडा नाकातून येणारा, प्रत्येक अक्षर जड पेटीसारखं उचलून ठेवणारा, आणि तो त्याच्याच ओठांतून येत होता. "मी दिवा लावतो. आज कोण येणार आहे ते मला ठाऊक नाही. कुणी येईलच असंही नाही. तरी मी दिवा लावतो." सुताराने जाळीवरचा हात न काढता मान हलवली. या खेपेला वरून खाली.

बायकोने तो भाग चार वेळा लावायला लावला.

रविवारी सकाळी काकू हॉलवर स्वतः गेल्या. पेन ड्राइव्ह त्यांनी पर्समध्ये आणि पर्स काखेत घट्ट धरली होती. प्रोजेक्टर मेहुण्याचा होता आणि तोच बाह्या सरसावून तिथे उभा होता. माणूस वाईट नव्हता, फक्त आवाज मोठा आणि मत त्याहून मोठं.

"काकू, बघा, नवा स्पीकर. वायर नाही, काही नाही," तो म्हणाला.

काकूंनी पाच सेकंद लावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. हवेतून आवाज नेणारा तो स्पीकर स्वतःच पाव सेकंद उशिरा बोलत होता. "हा नाही चालायचा."

"अहो, एवढंसं कुणाला कळतं?"

"तुम्हालाच कळलं होतं की मागच्या वेळी. चांगलं मोठ्याने सांगितलंत म्हणे." काकूंनी पर्समधून पाच मीटरची वायर काढली आणि त्याच्या हातात दिली. मेहुणा मुकाट्याने खाली बसून वायर जोडू लागला.

नाटक लागलं. पहिली तीस मिनिटं लोक गप्पाच मारत होते. मग दार उघडलं, कंदील दिसला आणि पडद्यावरच्या टाळ्या हॉलभर घुमल्या. पोरगा उभा राहिला, पुढे आला, कंदील ठेवला आणि बोलू लागला. एका मिनिटात हॉलमधली कुजबुज थांबली. दुसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेतले लोक उठून पुढे आले. मेहुणा प्रोजेक्टर सोडून पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याच्या डोक्याची सावली त्यावर पडली. लोक ओरडले, तरी तो हलेना. ओठ मिटले की आवाज थांबत होता, ओठ उघडले की येत होता, चार मिनिटांत एकदाही चुकला नाही.

भाषण संपलं तसा मेहुणा वळला. सुतारासमोर जाऊन उभा राहिला, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ तोंड करून, सावकाश, ओठ दिसतील असं बोलला. "मी चुकलो, भावजी. तुम्हीच बोलताय." त्याचे डोळे भरून आले होते. सासरेबुवा काठी टेकत उठले आणि जावयाला दिसाव्यात म्हणून दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या हॉलने तसंच केलं. या वेळी सुतारासमोर काळोख नव्हता. त्याने एकेक हात बघून घेतला. काकूंनी तर इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की काखेतली पर्स खाली पडली, आणि त्यांना ती नंतर कितीतरी वेळ आठवलीही नाही.

जेवणं झाली, पांगापांग सुरू झाली. सुताराची बायको हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला बहिणींच्या घोळक्यात उभी होती, दाराकडे पाठ करून, हात उडवून उडवून काहीतरी रंगवून सांगत होती. सुतार दारात चपला घालून तयार. एरवी असं झालं की तो आत जायचा आणि तिच्या खांद्याला हात लावायचा. त्या दिवशी तो दारातच थांबला. त्याने एक हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. काकू शेजारीच उभ्या होत्या, म्हणून त्यांना तो दीर्घ श्वास ऐकू आला.

"अगं!" त्याने हाक मारली. "चल! उशीर झाला!"

आवाज जाडाभरडा, नको तितका मोठा. सगळा हॉल वळला. कुणी हसलं नाही. बायको मात्र जागच्या जागी खिळली. बहिणीने तिला कोपराने ढोसलं, "अगं, तुला बोलावतायत ना!" तशी ती वळली, तोंड त्याच्याकडे करून मोठ्याने म्हणाली, "आले हो, आले!" आणि भर हॉलमधून दाराकडे पळत निघाली.